दूध दोन्ही डोळ्यांत

मी मंचरच्या बाजारात मापाडी होतो. मापाडी म्हणजे शेतकरी आणि आडत्या यांच्या मधे उभा राहून मालाचं वजन सांगणारा माणूस. दोघांनाही वाटतं की हा दुसऱ्याला सामील आहे. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. पुढे मीही दोघांवर तसाच संशय घ्यायला शिकलो आणि काम सोपं झालं.

मला शिकवणाऱ्या जुन्या मापाड्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट करून दाखवली होती. तराजूची दांडी आडवी दिसली, की मालाच्या पारड्यात वजनं ठेवायची आणि वजनांच्या पारड्यात माल. तरीही दांडी आडवी राहिली तर तराजू खरा. बदलल्यावर झुकली तर खोटा, मग तो दिसायला कितीही चकचकीत असो. पुढे बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्यांना पारडंच एक, बदलायला काही उरलं नाही. सवय मात्र राहिली, आणि ती एकदा घरात कामाला आली, माझ्या बायकोच्या डोळ्यापायी.

लोणीला आमची वस्ती गावापासून जरा बाजूला आहे. तेव्हा आम्ही एकत्र होतो. आई-वडील, आम्ही नवरा-बायको, आमची मुलं, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ टेम्पोवर असायचा, निम्मा आठवडा घराबाहेर. त्याच्या बायकोला घरात सगळे धाकटी म्हणत. ती नुकतीच बाळंतपण उरकून माहेराहून आली होती. गावात एसटीडीचा पिवळा बूथ नवाच होता, यावरून काळ कुठला ते समजावं.

बाजरीची मळणी चालली होती. यंत्राच्या तोंडाशी भुसा असा उडतो की शेजारचा माणूस दिसत नाही. बायको कणसं पुढे सारत होती आणि तिच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. तिने पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ दिली, डोळा शेकला, पाण्याने धुतला. कुसळ निघालं, पण डोळा लाल राहिला.

आईने आमच्याकडे सगळे करतात तोच उपाय केला. धाकटीने वाटीत थोडं अंगावरचं दूध काढून दिलं आणि आईने कापसाच्या वातीने ते बायकोच्या उजव्या डोळ्यात सोडलं. मग डाव्यातही सोडलं. डावा डोळा चांगला होता. पण एकाच डोळ्यात काही घालायचं नाही, दुसरा रुसतो, असं आईचं म्हणणं. हे तिने तिच्या आईकडून घेतलं असणार. मी तेव्हा हसलो होतो.

चार-दोन दिवस लाली उतरलेली वाटली. मग डोळा पुन्हा भडकला, उजेड सोसेना, आणि बुबुळावर करडा ठिपका दिसायला लागला. मंचरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि औषध न देता पुण्याच्या डोळ्यांच्या इस्पितळात जायला सांगितलं. औषध न देणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. त्यामुळे मला भीतीच वाटली.

पुण्यात त्यांनी बायकोची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळा बधिर केला आणि बारीक पात्याने तो ठिपका खरवडला. खरवड दोन काचांवर घेतली, उरलेली एका बशीत. मला हे आवडलं नाही. पुण्याला माणसाला झोपेचं इंजेक्शन देऊन अवयव काढून घेतात, अशा गोष्टी त्या काळात आमच्या पारावर रोज निघत. मी विचारलं, एवढ्याशा डोळ्यातून तीन ठिकाणी माल कशाला? डॉक्टर म्हणाले, एका काचेवर बघू, दुसरीवर ताडून बघू आणि बशीत वाढवून बघू. उत्तर बरोबर होतं, तरी मी तिन्हींवर नजर ठेवली.

थोड्या वेळाने त्यांनी आत बोलावलं. बुरशी आहे, म्हणाले. शिळ्या भाकरीवर येते तिचीच भावकी. मातीत असते, भुशात असते, कुसळाबरोबर आत गेली आणि ओरखड्यात रुजली. ठिपका तीन मिलिमीटरचा आहे. तो आत खोल गेला आणि बुबुळाला भोक पडलं, तर डोळा काढावा लागेल. दुधासारखं पांढरं औषध दिलं, बाटली हलवून घ्यायची आणि जागेपणी दर तासाला एक थेंब, चुकवायचा नाही. मग विचारलं, याआधी डोळ्यात दुसरं काय घातलंत? मी दुधाचं सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पुन्हा विचारलं, आणखी? बायको म्हणाली, काही नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. ती पुन्हा काही नाहीच म्हणाली, पण खाली बघून.

बाहेर बाकावर एक मुलगी आमच्याकडे आली. तिथेच संशोधन करत होती. बशीत वाढणाऱ्या आमच्या बुरशीवर तिला काम करायचं होतं, त्यासाठी सही हवी होती. मी म्हणालो, आम्ही बुरशी मारायला आलोय आणि तुम्ही वाढवणार? ती म्हणाली, मारायची असेल तर ती धरून कशी बसते हे आधी कळायला हवं. मी गाव विचारलं. जुन्नर म्हणाली, तिथे वडलांचं फळांचं दुकान होतं. ओढणी डोक्यावरून घेतलेली, मुसलमान घरातली. आपल्याच भागातलं गाव सांगून जवळीक करणारे मी बाजारात पुष्कळ पाहिले होते. म्हणून विचारलं, लेण्याद्रीचा गणपती कसा बसलाय?

"पाठ करून," ती म्हणाली. "शाळेची सहल दरवर्षी तिथंच जायची, भाऊ. आता तिथल्या माकडांचं विचारा."

मी सही केली.

मग तिने समजावलं ते असं. आपल्या शरीरातल्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्यांची लव असते. ही चहातली साखर नव्हे, मधुमेहातलीही नव्हे. डोळ्याच्या पृष्ठभागावरही ती आहे. या बुरशीत एक जातीचं प्रथिन असतं, त्याला लेक्टिन म्हणतात. ते या साखळ्या ओळखतं आणि धरतं. मी म्हणालो, आघाड्याचं बी धोतराला धरतं तसं? ती म्हणाली, तसंच, पण हे बी कापड बघून धरतं, सुती धरेल तर रेशमी सोडेल. माणसांना आणि गुराढोरांना आजार करणाऱ्या बऱ्याच बुरशींत अशी प्रथिनं सापडली आहेत. त्यांच्या जोरावरच बुरशी आत शिरते का, हे मात्र अजून पुरतं कळलेलं नाही.

पुरतं कळलेलं नाही, असं म्हणणारी त्या इमारतीत ती पहिलीच. त्यामुळे माझा तिच्यावर थोडा विश्वास बसला. थोडा संशयही आला, की मग ही शिकते आहे कुणाच्या डोळ्यावर.

घरी आल्यावर जेवताना मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईने त्यातला एकच शब्द उचलला.

"साखर धरतीया व्हय ती," आई म्हणाली. "मंग दुधात काय असतंय?"

धाकटी चुलीपाशी होती. तिने बाळंतपणाला जाण्याआधी वेगळी चूल मागितली होती, ते आईच्या मनातून गेलेलं नव्हतं. आता आईला दोन्ही गोष्टींचा सांधा जुळल्यासारखा वाटला. हिने मनापासून दूध दिलंच नाही. वाटी धुतली नव्हती. का काढलेलं ठेवून दुसऱ्या दिवशी दिलं. दर वाक्याला गुन्हा बदलत होता, गुन्हेगार तोच.

धाकटीने भाकरी उलटली आणि वर न बघता म्हणाली, "त्याच दुधावर माझं पोरगं हाय. त्याच्या पोटात आतापतुर पीकच आलं आसंल मंग."

 वडील ओट्यावर होते. त्यांचा मोतीबिंदू आदल्या वर्षी मंचरच्या शिबिरात काढला होता आणि तेव्हापासून ते घरातही काळा चष्मा घालत. त्यांनी आतल्या कुणाला उद्देशून एवढंच विचारलं, "लाली हाय का अजून?" पुढे ते रोज संध्याकाळी हेच विचारायचे. ठिपका केवढा आहे, दुखतं का, हे कधी नाही.

मी धाकटीला दोषी धरलं नाही, निर्दोषही धरलं नाही. आईची कारणं कच्ची होती, पण दुधात साखर असते ही गोष्ट खरी होती आणि ती साखर मीच पुण्याहून आणली होती.

त्याचा परिणाम औषधावर झाला. दिवसभर मी मंचरला. वडलांना बाटलीवरचं बारीक अक्षर दिसेना. मुलं शाळेत. घरात स्थिर हात एकट्या धाकटीचा, आणि तिने आता डोळ्याच्या जवळ यायचं नाही, असं आईने ठरवलं. थेंब आईच घालायची, बाटली बायकोच्याही हाती देत नव्हती, आणि आईचा हात कापायचा. मी एका सुट्टीच्या दिवशी बसून बघितलं, दहांतले चारच थेंब डोळ्यात पडले, बाकीचे गालावर. बाटली तर हिशेबापेक्षा लवकर संपत होती. माल जास्त जातोय आणि वजन भरत नाही, हे बाजारात घडलं असतं तर मी काटा बंद करायला लावला असता. घरात आईला तसं म्हणता येईना. मी असेन तेव्हा मीच घालायचो, पण माझं घरी असणं ते किती.

पुढच्या तपासणीला ठिपका चार मिलिमीटर भरला. कडा पिसासारख्या फाटलेल्या. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, चारच. ते म्हणाले, "एक तर माझं औषध पोचत नाही, नाही तर त्याच्या उलट काहीतरी पोचतंय." आणखी असं चाललं तर ते डोळ्याची हमी देणार नव्हते. बायकोला त्यांनी बाहेर बसवलं आणि ते माझ्याकडे नुसतं बघत राहिले. ते माझ्यावर संशय घेत आहेत, हे मला कळलं. संशय ओळखायला मला वेळ लागत नाही.

मी तडक त्या जुन्नरच्या मुलीची खोली गाठली. म्हणालो, दुधाने ही बुरशी जास्त धरते का, हो की नाही, एवढंच सांगा. माझ्या घरात त्यावरून एका बाईला डोळ्यापाशी येऊ देत नाहीत.

तिने प्लास्टिकची एक पारदर्शक पट्टी पुढे ओढली. तिच्यात रांगेने खळगे होते, पणतीएवढेही नाहीत, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. आमची बुरशी अजून वाढत होती, ही दुसऱ्या एका ऊसवाल्याच्या डोळ्यातली, असं तिने आधीच सांगितलं. बुरशी वाटून काढलेलं प्रथिन पहिल्या खळग्यात, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, तिसऱ्यात त्याच्याही निम्मं, असं पुढे. सगळ्यांत माणसाच्या रक्तातल्या लाल पेशींचं पाणी सारखंच. जिथे प्रथिनाने पेशींना धरलं, तिथे रक्त जाळीसारखं तळभर पसरलेलं. जिथे ते फारच पातळ झालं, तिथे पेशी सुट्या घसरून तळाशी लाल टिकलीसारख्या बसलेल्या. सातव्या खळग्यापर्यंत जाळी होती, आठव्यापासून टिकल्या.

रांगेच्या शेवटच्या खळग्यात तिने प्रथिन घातलंच नव्हतं. नुसतं रक्त आणि मिठाचं पाणी. तिथेही टिकली. मी विचारलं, हा कशाला वाया घालवला?

"हा नसेल तर बाकीच्यांवर विश्वास कशावर ठेवायचा?" ती म्हणाली.

मला जुना मापाडी आठवला. मी खुर्ची पुढे ओढली.

खालच्या रांगेत तिने प्रथिनात आधी दुधातली साखर मिसळली होती आणि मग रक्त. इथे दुसऱ्या-तिसऱ्या खळग्यापासूनच टिकल्या. म्हणजे या बुरशीच्या हातात आधी दुधातली साखर दिली, तर रक्त धरायला हात रिकामे उरत नाहीत. तिने लगेच बजावलं, याचा अर्थ दूध औषध आहे असा करू नका. डोळ्यातलं दूध पाण्याबरोबर वाहून जातं, ते स्वच्छ नसतं, त्याने दुसरा जंतू जाऊ शकतो, पुन्हा घालू नका. आणि हिची आवड ती तुमच्या बुरशीची असेलच असं नाही. पण दुधातल्या साखरेमुळे बुरशी जास्त धरते, असं या खळग्यांत तरी दिसत नाही.

मी बाहेर येऊन बाकावर बायकोच्या शेजारी बसलो. डोक्यात तो शेवटचा खळगा होता. एकात घातलं आणि एकात नाही, तरच कळतं. मग आईचं ते रुसण्याचं म्हणणं आठवलं. दूध दोन्ही डोळ्यांत घातलं होतं. त्याच वाटीतलं, त्याच वातीने. डावा डोळा काचेसारखा स्वच्छ होता. डाव्याला ओरखडा नव्हता हे खरं, त्यामुळे हा हिशेब पुरा नव्हे, हे मी तेव्हाही धरून होतो. पण पारडी बदलायची तर पुढचा प्रश्न सरळ होता. मी बायकोला विचारलं, फक्त उजव्या डोळ्यात काय गेलं?

 तिने बटवा उघडला आणि पान-सुपारीच्या खालून एक लहान बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. शिबिरातून वडलांना मोतीबिंदूनंतर घालायला दिलेले थेंब. तळाशी थोडे उरले होते.

"मामंजींनी दिली," ती म्हणाली. "लग्न झाल्यापास्नं त्यांनी माझ्या हातात पयल्यांदा काई दिलं. म्हनले, मला दिसाया लागलं ते यानंच, तू घाल, कुणाला सांगू नगं, पुन्हा मिळायचं न्हाई."

थेंब घातले की लाली उतरायची, आग कमी व्हायची. म्हणून पुण्याचं औषध चालू असतानाही ती रोज ते घालत होती. धाकटीचं नाव निघेल असं तिला वाटलंच नव्हतं. एकदा निघाल्यावर मग वडलांचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना.

आम्ही तसेच परत आत गेलो. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि ती आपल्या टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला. रागावले नाहीत. म्हणाले, लाली म्हणजे शरीराचं भांडण असतं. हे थेंब भांडण थांबवतात. ऑपरेशननंतर ते बरं. पण बुरशी आत असताना भांडण थांबलं, की तिला रान मोकळं. म्हणून बरं वाटत होतं आणि ठिपका वाढत होता. डोळा अजून गेलेला नाही, पण आता दर तासाचा थेंब डोळ्यातच पडायला हवा.

एसटीत बायकोने मला एकच अट घातली, वडलांचं नाव घरात घ्यायचं नाही. मी हो म्हणालो. मला ते अवघड वाटत होतं. गुन्हेगार न सांगता निकाल सांगायचा, तर आईसारखी बाई तो मानणार कशी?

पुढचं आधी सांगून टाकतो. डोळा वाचला. बुबुळावर जोंधळ्याएवढं पांढरं फूल राहिलं. त्या डोळ्याने तिला तक्त्यावरची तिसरी ओळ वाचता येते, चौथीत चुकते. मला मात्र एसटीतून घरी पोचलो ती संध्याकाळ जास्त आठवते.

आई दिव्याखाली बसली होती. मी सांगितलं की दुधाचा दोष नाही, आम्ही तपासून आलो. आईने विचारलं, मग कशाचा? मी पिशवीतून औषधाची बाटली काढून दिव्यापाशी ठेवली. आईने माझ्याकडे, मग बायकोकडे, मग चुलीकडे पाहिलं. तिचा संशय जागेवर बसायला निघाला होता. तेवढ्यात बायको उठली आणि औषधाची बाटली नेऊन तिने धाकटीच्या हातात दिली.

"आता तूच घालायचं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी न्हाई."

धाकटीने हात पुढे केला नाही लगेच. "उद्या आजून काय उगवलं तर?"

"तर माझा डोळा हाय."

ओट्यावर वडलांची काठी वाजली. ते आत आले, भिंतीतल्या देवळीपाशी गेले, आत चाचपून काहीतरी काढलं आणि आईच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं. तसलीच एक लहान बाटली, न उघडलेली. शिबिरात दोन मिळाल्या होत्या. मग ते काठी टेकत परत ओट्यावर गेले. बायकोने मला घातलेली अट त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांना कधीपासून कळलं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. रोज संध्याकाळचा तो लालीचा प्रश्न काळजीचा होता की तपासणीचा, हेही नाही.

 आईने ती उचलली नाही. शेवटी धाकटीने उचलली, बाहेर जाऊन उकिरड्यात खोल खुपसली, हात राखेने घासून धुतले आणि येऊन बायकोचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. बाटली हलवली. एका बोटाने पापणी खाली ओढली. थेंब नेमका आत पडला.

मग तिने बाटली तशीच डाव्या डोळ्यावर धरली आणि आईकडे वळून विचारलं, "ह्याच्यातबी घालू का, आत्याबाई? न्हाईतर रुसंल."

आई म्हणाली, "नगं. त्याला ऱ्हाऊ दे रुसून."